मावशीचा मोठा फोटो

तीस वर्षं मी जालन्यातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढले. समोर सरपंच असो की सळईच्या भट्टीवरचा मजूर, माझी वाक्यं तीनच: श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. चेहऱ्याशी माझा काही संबंधच नसायचा. छातीचा एक्स-रे काढताना तर माणूस माझ्याकडं पाठ करून उभा असतो. बायको म्हणायची, रोज एवढी माणसं बघता आणि रस्त्यात एकालाही ओळखत नाही. त्यात खोटं काही नव्हतं.

मग दवाखान्यात कॉम्प्युटरवालं मशीन आलं. फिल्म बंद झाली, डार्करूम बंद झाली. डार्करूममध्ये मोडक्या खाटा रचल्या आणि उरलेल्या फिल्मचे खोके पॅसेजमध्ये आणून ठेवले. छातीची फिल्म चांगली लांबरुंद असते, चौदा इंच बाय सतरा इंच. मी डॉक्टरसाहेबांना विचारलं, नेऊ का? न्या म्हणाले, नाहीतर भंगारातच जायचं आहे. स्कूटरवर तीन खेपा करून मी सगळे खोके घरी आणले. याचं काय लोणचं घालणार का, असं बायकोनं विचारलं. फोटो काढणार, मी म्हणालो. ती एक्स-रेच समजली. एक्स-रे नाही, चेहऱ्याचे फोटो काढणार, असं सांगितल्यावर ती काही बोलली नाही. माझं डोकं फिरलं की ती काही बोलत नाही, वाट बघते.

एवढ्या मोठ्या फिल्मचा कॅमेरा बाजारात मिळत नाही. तो बनवावा लागला. जुन्या जालन्यातल्या एका सुतारानं सागवानाचं खोकं करून दिलं. रिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडून हार्मोनियमला असतो तसा रेक्झिनचा भाता शिवून घेतला. बंद पडलेल्या छापखान्याचं एक मोठं भिंग भंगारवाल्याकडं सापडलं. मागच्या बाजूला न्हाणीघराच्या खिडकीला लावतात तसली धुरकट काच बसवली. सगळं जुळवून अंगणात ठेवलं तेव्हा शेजारच्या वहिनींनी कोंबड्या पाळताय का म्हणून विचारलं.

या कॅमेऱ्यात बटण नाही. डोक्यावर काळं कापड घ्यायचं, धुरकट काचेवर माणूस उलटा दिसतो, तो स्पष्ट होईपर्यंत भाता पुढंमागं करायचा. मग काच बाजूला करून तिथं फिल्मची चपटी पेटी सरकवायची. भिंगावर दुधाच्या पावडरच्या डब्याचं झाकण असतं, ते काढायचं, सात मोजायचे आणि झाकण परत लावायचं. तेवढा वेळ समोरच्यानं हलायचं नाही. माझी तीन वाक्यं अशी पुन्हा कामाला लागली.

फिल्मची एक खोड मात्र होती. तिला फक्त निळा उजेड कळतो. लाल तर तिला दिसतच नाही, म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालतो. त्यामुळं फोटोत कुंकू काळं येतं, हळद काळी येते आणि निळा शर्ट पांढरा येतो. बदनापूरकडच्या एका पाहुण्यानं लाल फेटा बांधून हौसेनं फोटो काढून घेतला. फोटो हातात घेतल्यावर म्हणाला, "भाऊ, मी तं सुतकात बसल्यासारखा दिसून राह्यलो." शिवाय चेहऱ्याची एकूण एक सुरकुती उठून दिसायची. एवढा मी काळा आहे का, हे मला कितीजणांनी विचारलं त्याची गणती नाही.

तरी लोक बसायचे. गंमत म्हणून बसायचे. फोटो मात्र कोणी घरी न्यायचं नाही. आमच्याकडं भिंतीवर एवढा मोठा फोटो लागतो तो गेलेल्या माणसाचा. जिवंत माणूस मोबाइलमध्ये असतो, फार तर लग्नाच्या अल्बममध्ये. स्वतःचा हातभर चेहरा बघितला की भलेभले बिचकायचे आणि फोटो "तुमच्याकडंच राहू द्या" म्हणून निघून जायचे. माझ्या घरी दिवाणाखाली अशी पस्तीस-चाळीस माणसं पडून आहेत.

मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण ती सगळी सरावाची माणसं होती. मला हवा होता तो फोटो एकच होता.

मी दीड वर्षाचा असताना माझी आई गेली. दुसऱ्या बाळंतपणात गेली, ते बाळही गेलं. गाव आमचं हसनाबादच्या अलीकडं, तेव्हा पावसाळ्यात दवाखान्यात न्यायला बैलगाडीसुद्धा निघायची नाही. आईचा फोटो नाही. जांब समर्थच्या जत्रेत पडद्यापुढं उभं राहून काढलेला एक होता म्हणतात, तो वाळवीनं खाल्ला. तिचा चेहरा मला आठवत नाही, थोडासुद्धा नाही. आठवतो असं मी शाळेत मुलांना सांगायचो.

वर्ष फिरायच्या आत आजोळच्या लोकांनी आईची धाकटी बहीण आमच्या वडिलांना दिली. अशी पद्धत होती, लेकरू परक्या बाईच्या हातात जाऊ नये म्हणून. ती सतरा वर्षांची होती. तिनं मला वाढवलं, अंगाखांद्यावर घेतलं, माझी गोवर काढली, मला शाळेत घातलं. पण मला आई म्हणू दिलं नाही. दुसरीत असताना मी एकदा म्हणालो होतो. तिचे हात पिठानं भरलेले होते, ते तसेच ठेवून तिनं मला जवळ ओढलं. "तुही आई येगळी व्हती लेकरा. मी मावशीच. आई हे नाव तिचं, ते मी घेनार न्हाई." पुढं तिला मुलगी झाली. ती तिला आई म्हणायची आणि मी मावशी म्हणायचो. एकाच ताटात जेवायचो.

सगळं गाव म्हणायचं, दोघी बहिणी हुबेहूब. नाक तेच, डोळे तेच, हसणं तेच. फरक एकच, गोंदणाचा. दोघी लहान असताना गोंदणारीण दारात आली होती. माझी आई सुईला भिऊन कपाशीच्या पऱ्हाटीत पळाली ती संध्याकाळपर्यंत सापडली नाही. मावशी बसली, अजिबात हलली नाही. तिच्या कपाळावर उभी रेघ आहे, हनुवटीवर तीन ठिपके आणि डाव्या गालावर एक. लहानपणी दुपारची ती आडवी झाली की मी तिच्या कपाळावरची रेघ अंगठ्यानं झाकून बघायचो. दुसऱ्या हातानं हनुवटी झाकायचो. गालावरचा ठिपका तेवढा राहून जायचा, मला तिसरा हात नव्हता.

एवढ्यासाठी कॅमेरा बनवला होता. माणसाच्या चेहऱ्याएवढाच चेहरा फोटोत येईल, तो समोर धरून निवांत बघता येईल, आणि त्यात कुठंतरी आई सापडेल. मोबाइलमध्ये मावशीचे फोटो होते. ते मोठे करून पाहिले होते, त्यात मावशीच दिसायची. आता हे सांगताना मला लाज वाटते. पण तेव्हा मला यात काही वावगं वाटत नव्हतं.

वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. मावशी गावाकडंच राहायची, सत्तरीला टेकली होती. थंडीच्या दिवसांत टेम्पोत कॅमेरा घालून मी राजूरवरून गावी गेलो. तिला म्हणालो, सगळ्यांचे काढतोय, तुझाही काढतो. ती खोकं बघून हसली. म्हणाली, "येवढा मोठ्ठा फोटू? मेल्यावर लाव की भितीला. आत्ता काय जल्दी हाय?" मी खूप आर्जवं केली. आजवर तिच्याकडं कसला हट्ट केला नव्हता, तो पन्नाशी उलटल्यावर केला. शेवटी ती तोंड धुऊन आली आणि ओसरीत खुर्चीवर बसली. मागं मी घोंगडी टांगली होती.

मी कापडात शिरलो. काचेवर ती उलटी, शांत बसलेली. तिनं मान जराशी डावीकडं कलती केली होती आणि माझ्याकडं कुणीतरी हाक मारल्यासारखं बघत होती. मी बाहेर येऊन मान सरळ केली. कापडात जाईपर्यंत ती पुन्हा कलती. असं तीनदा झालं. मला मोजमापानं काम करायची सवय, मी चिडलो.

"मावशी, मान सरळ ठेव की."

"ऱ्हाऊ दे रे. अशीच बराबर हाय."

"फोटो वाकडा येईल."

"येऊ दे," ती म्हणाली.

मी फिल्मची पेटी सरकवली. श्वास घ्या म्हणालो, धरून ठेवा म्हणालो, झाकण काढलं. सात मोजेपर्यंत तिच्या पापणीशिवाय काही हललं नाही. माझ्या हाताखालून हजारो माणसं गेली, पण इतकं स्थिर बसलेलं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

जालन्याला आल्यावर न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावून लाल दिव्यात फिल्म धुतली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, पिकलेले केस काळे, बुबुळं पांढरी. त्यात मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कागदावर प्रिंट काढली. ट्रेमधल्या रसायनात चेहरा हळूहळू वर आला. आधी डोळे आले, मग पदराची कड. मग कपाळ आलं आणि त्यावर रेघ नव्हती.

मला वाटलं, अजून येईल. आली नाही. हनुवटीवर ठिपके आले नाहीत, गालावरचाही आला नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गोंदण निळसर हिरवं असतं, या फिल्मला निळं उजळ दिसतं, त्यामुळं गोंदण आणि कातडी एका रंगाची होऊन गेली होती. लाल फेट्याचं, कुंकवाचं सगळं ज्ञान पाजळणारा मी, पण गोंदणाचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. ट्रेमध्ये एक म्हातारी बाई मान कलती करून माझ्याकडं बघत होती आणि ती मावशी नव्हती. मी न्हाणीघराच्या फरशीवर बसून रडलो. बायकोनं दार वाजवलं तेव्हा रसायन डोळ्यात गेलं म्हणून सांगितलं.

पुढच्या रविवारी प्रिंट घेऊन गावी गेलो. मावशी अंगणात तूर निवडत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि फोटो दोन्ही हातांनी धरला. कोंबडी येऊन सुपात चोच मारायला लागली तरी तिनं हाकलली नाही.

"आक्का," ती म्हणाली. आक्का म्हणजे माझी आई, तिची थोरली बहीण. "म्हातारी झाली असती तं बिलकुल अशीच दिसली असती."

मी म्हणालो, "मावशी, फोटो तुझाच आहे."

"मंग गोंदण कुठं गेलं?"

मी तिला फिल्मची खोड समजावून सांगायला लागलो, निळा उजेड, लाल उजेड. तिनं अर्धंच ऐकलं. म्हणाली, "तू मान सरळ कर, सरळ कर म्हनून राह्यल्ता. मी केली का?"

"नाही."

"आक्का अशी बघायची. कोनी हाक मारली की मान जराशी डाव्या अंगाला. तुला कुठून ठाव असन? मला ठाव हाय. म्हनून तशी बसले."

मी विचारलं, "तुला कसं कळलं मी काय बघतोय ते?"

"पन्नास वर्सं झाले, तू माह्या तोंडाकडं बघून राह्यला. दुपारचा माह्या कपाळावर अंगठा ठेवायचा. मी काय झोपलेली असायचे का?" तिनं कोंबडीला हाकललं आणि सूप जवळ ओढलं. "मला न्हाई का वाटत, तुला येकदा दिसावी म्हनून?"

इतकी वर्षं मी चोरून बघत होतो असं मला वाटत होतं. आणि ती बघू देत होती. दुपारी जागी असून डोळे मिटून पडायची, माझा अंगठा कपाळावर घ्यायची, आणि नंतर उठून माझ्यासाठी भाकरी टाकायची. त्या दिवशी मी तिच्या पाया पडलो नाही. तूर निवडायला बसलो.

मावशीनं फोटोला हसनाबादहून काचेची फ्रेम करून आणवली आणि तो वडिलांच्या फोटोशेजारी लावला. "ती जागा तिचीच हाय," म्हणाली. परसातल्या झेंडूचा हार घातला. रोज सकाळी फोटोपुढं उदबत्ती लावून मावशी आक्काशी काही बोलायची. काय बोलायची ते मी कधी विचारलं नाही. मी महिन्यातून दोनदा गावी जायला लागलो. फोटोसमोर बसायचो. आई मिळाली, असं मला वाटायचं आणि ते खरंच होतं. मला दुसरं काही नको होतं.

संक्रांतीला माझी बहीण आली, मावशीची मुलगी, बदनापूरला दिलेली. दारातच थबकली. भिंतीवर तिच्या आईचा हातभर फोटो, त्याला झेंडूचा हार, आणि खाली आई तिळगूळ वळत बसलेली. तिनं आधी हार काढून टाकला. मावशीनं तिला सगळं सांगितलं, मीही सांगितलं. ती ऐकत फोटोकडं बघत होती. मग मला म्हणाली, "दादा, तुही आई सापडली, चांगलं झालं. पन माही आई कुठं हाय यात?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. मावशी खाली मान घालून लाडू वळत राहिली. मला त्या घरात बसवेना, मी मोसंबीच्या बागेत जाऊन उभा राहिलो. पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आलं की मावशीचा धड असा फोटो कुठंच नाही. माझ्या मोबाइलमध्ये होते ते कपाळ आणि हनुवटी मोठी करून बघण्यासाठी काढलेले. आधार कार्डावर होता, त्यात ती पकडून आणल्यासारखी दिसते. आणि आता घरातल्या भिंतीवर तिचा सगळ्यात मोठा फोटो होता, त्यातून मी तिला पुसून टाकलं होतं.

मी मुंबईहून दुसरी फिल्म मागवली, सगळे रंग कळणारी. ती यायला दोन महिने लागले. तिला लाल दिवासुद्धा चालत नाही, मिट्ट काळोखात चाचपडत ती पेटीत भरावी लागते. माझ्या हातून पहिली फिल्म वाया गेली. दुसरी नीट भरली आणि उन्हं तापायच्या आत गावी गेलो. या वेळी आर्जवं करावी लागली नाहीत. बहिणीनं बदनापूरहून फोन करून मावशीला दटावलं असावं. ओसरीत तीच खुर्ची ठेवली, तीच घोंगडी टांगली. दोन महिन्यांत मावशी बरीच वाळली होती, खुर्चीत जास्तीची जागा उरत होती.

"मावशी, आता कोणासारखी बसू नको," मी म्हणालो. "तू तुझ्यासारखी बस."

ती हसली. मी कापडात शिरलो. काचेवर तिचं गोंदण दिसत होतं, कपाळावरची रेघ, हनुवटीवरचे ठिपके, गालावरचा एक, सगळं उलटं. ती मागं सरकली, मग पुढं आली. पदर डोक्यावर घेतला, परत खांद्यावर टाकला. हात मांडीवर ठेवले, मग एकमेकांत गुंतवले. मान सवयीनं डावीकडं जायला लागली तशी तिनं आपणच सरळ केली, आणि सरळ केल्यावर तिला अवघडल्यासारखं झालं. मी थांबलो. ती सत्तरीची बाई शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या पोरीसारखी चुळबुळ करत होती.

"मी कशी बसते रे लेकरा?" तिनं विचारलं. "तूच सांग. तू लहानपनापासून बघून राह्यला."

मी सांगायला तोंड उघडलं. चुलीपुढं बसलेली आठवून पाहिली, कापूस वेचून बांधावर टेकलेली आठवून पाहिली, माझ्या तापात उशाशी रात्रभर बसलेली आठवून पाहिली. प्रत्येक वेळी मला कपाळ आठवलं, हनुवटी आठवली, आणि गोंदण नसतं तर कशी दिसली असती ते आठवलं. ती कशी बसते ते मला आठवेना. मी कापडातच उभा राहिलो, बाहेर यायची हिंमत होईना.

"सांग की," ती म्हणाली, आणि मी सांगेन म्हणून हलायचं थांबवून वाट बघत राहिली.